फँटसी मिनिएचरच्या (काल्पनिक योद्ध्याच्या छोट्या पुतळ्याच्या) लाल चिलखताला हायलाइट, म्हणजे उजळ छटा, दिला की ते गुलाबी का दिसतं?

लालमध्ये पांढरा मिसळलाय म्हणून गुलाबी होतंय, त्याऐवजी नारिंगी मिसळा आणि सावलीला काळ्याऐवजी गडद तपकिरी वापरा. इथे नाशिकमध्ये आम्ही काहीजण मिनिएचर रंगवतो, त्यात लाल चिलखतं भरपूर झाली आहेत, त्यावरून सांगतोय. पांढऱ्याने लाल फिका आणि थंड पडतो, नारिंगीने उजळतो पण लालच वाटतो. दुसरं म्हणजे बरेचसे लाल रंग पारदर्शक असतात, काळ्या प्रायमरवर (रंगाआधी देतात तो पहिला थर) कितीही हात मारा मळकटच दिसणार, म्हणून आधी तपकिरी बेस द्या आणि मग लालचे पातळ दोन-तीन हात, प्रत्येक हात नीट सुकू द्यायचा, इथे घाई अजिबात नको. हायलाइट फक्त कडांवर, म्हणजे खांद्याची पट्टी, गुडघे, हेल्मेटचा माथा. एप्रिल-मेच्या आपल्या कोरड्या उन्हात अॅक्रिलिक पॅलेटवरच सुकतो, तेव्हा डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर टाका आणि रंग त्या कागदावरच काढा, तो बराच वेळ ओला राहतो. फक्त चिलखत वाइनसारखं जांभळट लाल हवं असेल तर नारिंगी चालणार नाही, तिथे थोडा गुलाबीच छान दिसतो.