जुना चिनी पु-अर चहा चाखून बघायचाय, सुरुवात कुठून करू?

हा चहा दाबून केलेल्या गोल चकत्यांच्या रूपात मिळतो, पण अख्खी चकती लगेच घेऊ नका. युन्नानच्या या चहाची चकती साधारण 357 ग्रॅमची असते आणि जुनी असेल तर किंमत ऐकूनच डोळे पांढरे होतात. 10-20 ग्रॅमचे नमुने मिळतात, ते घ्या.

'शंग' म्हणजे कच्चा, वर्षानुवर्षं हळूहळू मुरणारा. 'शू' म्हणजे पिकवलेला, त्याच्या पानांचे ढीग पाणी मारून काही आठवड्यांतच मुरवतात. ही पद्धत 1970च्या दशकातली. जुन्या चहाची खरी गंमत शंगमध्ये आहे.

माझ्या मते वयापेक्षा साठवण जास्त महत्त्वाची. एकाच वयाचे दोन नमुने शेजारी ठेवून प्या: एक हाँगकाँगच्या दमट हवेतला, एक कुनमिंगच्या कोरड्या हवेतला. पहिला गडद तांबूस, मऊ, ओल्या मातीच्या वासाचा. दुसरा कित्येक वर्षांनीही थोडा कडवट आणि तरतरीत. कुबट, बुरशीचा वास आला तर मात्र सरळ टाकून द्या.

वेष्टनावर 7542 दिसलं म्हणून तो 1975चा समजू नका! 75 हे मिश्रण ठरवलं ते साल, 4 पानांची प्रत आणि 2 म्हणजे मंगहायचा कारखाना.

100 मिली भांड्याला 5-6 ग्रॅम पानं, उकळतं पाणी. पहिलं पाणी ओतून द्या, पुढचं दहाएक सेकंदांत गाळा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला चव खुलते, घोट गिळल्यावर घशात गोडवा रेंगाळतो. दूध-साखर अजिबात नको. उरलेला चहा मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा, वास पटकन धरतो.