चौघांनी मिळून एक लेख लिहायचा, मग त्यात मी काय शिकले?

प्रश्न: मी बीए सेकंड इयरला आहे, मराठी घेतलंय. यंदा आम्हाला सहलेखनाचा पेपर आहे, म्हणजे चौघांनी मिळून एकाच गुगल डॉकमध्ये माहितीपर लेख लिहायचा. आमच्यातला एकजण दोन आठवडे गायब आहे, एकीला माझी वाक्यं खोडायची भारी हौस, आणि मार्क मात्र चौघांना सारखेच. मी एकटीने लिहिला असता तर दोन दिवसात हातावेगळा झाला असता. वर 'मी काय शिकले' असं एक पान पण लिहून द्यायचंय. खरं सांगा, असल्या क्लासमधून कोणी काही शिकतं का? आणि त्या पानावर लिहू तरी काय?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर: (या वेळी एका वाचक मैत्रिणीचं, तिने हाच पेपर तीन वर्षांपूर्वी दिलाय.)

अगं, तुझं पत्र वाचून हसूच आलं, कारण 'मी एकटीने दोन दिवसात केलं असतं' हे मी तेव्हा आईला रोज रात्री जेवताना ऐकवायचे. आणि केलंही असतं, ते खोटं नाही. फक्त त्यात विहिरीचं साल चुकलं असतं.

आम्हाला मराठी विकिपीडियाच्या धूळपाटीवर लेख लिहायचा होता. धूळपाटी म्हणजे कच्चं लिहायची जागा, पूर्वी पाटीवर धूळ पसरून अक्षरं गिरवायचे तसं, मला हा शब्दच इतका आवडला की त्या आनंदात पहिला आठवडा गेला. विषय आमचा आम्ही घेतला, साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटांची विहीर. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची मोठी पिशवी, आणि इथे एकाच वेळी अशा बारा मोटा चालायच्या म्हणून ते नाव. मी गावाकडची नाही, मला वाटलं चार साइट उघडायच्या, वाचायचं आणि आपल्या शब्दात लिहायचं, झालं.

माझं पहिलं वाक्य होतं, 'इतिहासाच्या कुशीत शांतपणे पहुडलेली ही विहीर आजही काळाची साक्ष देते.' ग्रुपमधल्या एकाने शेजारी कमेंट टाकली, 'विहीर पहुडते का गं?' एवढंच. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग सगळ्यांसमोर ते वाक्य का ठेवायचं हे सांगायची वेळ आली आणि मला काहीच सुचेना, कारण त्यात माहितीच नव्हती, ते कुठल्याही विहिरीला, किल्ल्याला, अगदी आमच्या कॉलेजच्या जुन्या जिन्यालाही चाललं असतं. खोडलं गेलं याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त लाज वाटली ती आपण हे लिहिताना विचारच केला नव्हता याची.

आता सालाचं सांगते, कारण माझ्या मते अख्ख्या पेपरमध्ये मी जे शिकले ते इथेच. मी लिहिलं होतं विहीर 1641 ते 1646 मध्ये बांधली. दुसरीने तिच्या भागात लिहिलं 1719 ते 1724, वीरूबाई भोसल्यांनी बांधली, शाहू महाराजांच्या काळात. दोघींकडे छापील आधार, दोघी हट्टी, दोघी एकमेकींचं खोडतोय, मी दुपारी बदलायचे, ती रात्री परत बदलायची. चार दिवस हा तमाशा चालला. मग तिसरा, तो पहुडलेलीवाला, म्हणाला अगं 1641 ला शिवाजी महाराजच अकरा वर्षांचे होते, शाहू महाराज जन्मले 1682 ला, मग विहीर त्यांच्या काळातली कशी? आणि चौथी, जी तोवर गप्पच असायची, ती म्हणाली वजाबाकी करून बघा. 1719 मधून 1641 गेले, 78. 1724 मधून 1646 गेले, परत 78. शके! म्हणजे शालिवाहन शक, तो इसवी सनाच्या 78 वर्षं मागे असतो. विहिरीवरच्या शिलालेखातलं साल शके आहे, आणि मी वाचलेल्या साइटवर कोणीतरी ते सरळ इसवी सन म्हणून छापलं होतं, मी ते तसंच उचललं. एकटी असते तर मला दुसरं साल दिसलंच नसतं, मग वजाबाकी कशातून करणार?

अजून एक. ती गप्प मुलगी कराडकडची, तिच्या आजोबांनी स्वतः मोट हाकलेली. बैल जिथून उताराने जातात ती धाव, मोटेचं पाणी जिथे येऊन पडतं ते थारोळं, हे शब्द तिने आणले. माझ्या भागात त्याजागी 'पाणी उपसण्याची व्यवस्था' असं सरकारी मराठी होतं. पण गंमत बघ, आजोबांना संदर्भ म्हणून लावता येत नाही, विकिपीडियावर छापलेलं काहीतरी लागतं, नाहीतर 'संदर्भ हवा' असा शिक्का बसतो. मग आम्ही लायब्ररीत त्या शब्दांसाठी जुने कोश काढून बसलो. शब्द सापडले तेव्हा तिने आजोबांना फोन लावला, आजोबा म्हणाले मग, मी काय खोटं सांगत होतो का.

आता तुझ्या मार्कांच्या दुखण्याकडे येते. आमच्या मॅडमनी एकदा वर्गात मराठी विश्वकोशातली नोंद दाखवली, तिच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं. विकिपीडियाच्या लेखाखाली कोणाचंच नसतं, पण 'इतिहास' उघडला की कोणी कधी काय बदललं ते सगळं दिसतं. गुगल डॉकमध्येही व्हर्जन हिस्टरी आहेच. मला वाटलं वा, आता कोणी किती काम केलं ते कळेल, सरळ मोजायचं. मोजलं तर सगळ्यात जास्त बदल कोणाचे? ज्याने फक्त स्वल्पविराम आणि ऱ्हस्वदीर्घ केलं त्याचे. आणि जी लेख मोठ्याने वाचायची, वाचता वाचता थांबून 'हे मला कळलं नाही' म्हणायची, आणि जिने ती वजाबाकी करायला लावली, तिची इतिहासात एक ओळ नाही. त्यामुळे तू सरांना हिस्टरीचा स्क्रीनशॉट नेऊन दाखवणार असशील तर जरा थांब. गायब मुलगा खरंच गायब असेल तर ते दिसेलच, आणि ते सांगायलाच हवं, त्यात चुगली वगैरे काही नाही, सारखे मार्क हा प्रकार मला आजही पटत नाही. पण आधी त्याला फोन कर. आमच्या ग्रुपमधला पाचवा गायब होता कारण त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता आणि फोनवर टायपिंग करायची त्याला लाज वाटायची, तीन आठवडे आम्ही त्याला ऐतखाऊ म्हणत होतो. मग त्याने फोनवर बोलून टाइप केलं, अर्ध्या शब्दांची वाट लागली, आम्ही ते नीट केलं, चाललं.

वाक्यं खोडणाऱ्या मुलीला एवढंच सांग की खोडू नको, सजेस्टिंग मोडमध्ये सुचव आणि शेजारी कारण लिही. कारण सुचत नसेल तर तिचाही सूर खाली येतो, स्वतःवरून सांगते.

आणि ते एक पान. 'टीमवर्कचं महत्त्व कळलं' असलं काही लिहू नको, ते प्रत्येकाच्या पानावर असतं आणि वाचणाऱ्याला चहा घ्यावासा वाटतो. तुझं कुठलं वाक्य गेलं ते जसंच्या तसं लिही, कोणी काय आक्षेप घेतला ते लिही, मग तुला काय पटलं ते. एखादी गोष्ट अजूनही पटली नसेल तर तीही लिही. मी लिहिलं होतं की 'विहिरीत वाकून बघितलं की गार वाटतं' हे वाक्य काढायला नको होतं. मॅडमनी समासात लिहिलं, संदर्भ हवा.

कधी साताऱ्याकडे आलीस तर लिंबला जा. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, जपून उतर.