स्टीलहेडची ट्रिप आणि पाऊस

अरे वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावाचा फोरकास्ट पावसाचा दिसला म्हणून लगेच स्टीलहेड (समुद्रातून नदीत येणारा ट्राउट मासा) पकडायची ट्रिप कॅन्सल नको करूस, तिथल्या ऑलिंपिक पेनिन्सुलावर हिवाळ्यात पाऊस असणारच आणि पाणी वाढलं की मासे समुद्रातून नदीत वर सरकतात. आभाळापेक्षा नदीची पातळी मोजणारं गेज बघ. यूएसजीएस या अमेरिकन सरकारी भूशास्त्र संस्थेच्या साइटवर पाण्याचा ग्राफ असतो, रेषा चढतेय तोवर घरीच थांब, गढूळ पाणी, लाकडं वाहून येतात, माशाला फ्लाय (पिसं-दोऱ्याचं नकली आमिष) दिसतच नाही. रेषा उतरायला लागली, पाणी हिरवट झालं आणि गुडघाभर पाण्यात स्वतःचे बूट अंधुक दिसायला लागले की हीच खरी वेळ, तेव्हा ऑफिसला सुट्टी टाक! होह ही ग्लेशियरच्या पाण्याची नदी, निवळायला वेळ लावते, सोल डक नदी बहुतेकदा आधी निवळते, म्हणून मुक्काम दोन्हींच्या जवळ, फोर्क्सलाच ठेव.

पाणी जास्त असेल तर मधल्या धारेत लांब कास्ट मारू नको, मासा काठाजवळच्या संथ पाण्यात असतो, त्यामुळे आत उतरायच्या आधी काठावरूनच टाकून बघ, जड सिंक टिप (दोरीचं पाण्यात बुडणारं टोक) आणि मोठी काळी-निळी फ्लाय लाव. वेडर्सचा (पाण्यात उतरायच्या वॉटरप्रूफ पँटचा) बेल्ट घट्ट हवाच, यात तडजोड नाही. आणि आदल्या रात्री वॉशिंग्टनच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचे नियम परत वाच, सीझनच्या मधेच बदलतात.