अडखळत्या चालीचे इंग्रजी शब्द: सुरुवात कुठून करावी

पन्नास शब्दांची यादी पाठ करायला घेतली असेल तर ती आधी बाजूला ठेवा. मराठीत आपण लंगडणं, खुरडणं, झोकांड्या खाणं यांची कधी गल्लत करत नाही. इंग्रजीत मात्र सुरुवातीला सगळेच करतात.

सकाळी सारसबागेत अर्धा तास बसा आणि नुसते पाय बघा. चपला फरशीला घासत, पाऊल न उचलता येणारे आजोबा शफल करतात. एका पायाला लागलंय तो लिम्प करतो. पर्वती उतरून गुडघे धरलेल्या काकू कशाबशा खुरडत रिक्षापर्यंत जातात, ते हॉबल. नुकतं चालायला लागलेलं बाळ दुडुदुडु टॉडल करतं. तोल जाऊन आता पडेलच असं वाटलं, की ते टॉटर. जड पोत्याखाली किंवा जोराच्या धक्क्याने झोकांडी गेली, तर स्टॅगर.

अशक्तपणाचे दोनच शब्द घ्या. प्रकृतीने नाजूक माणूस फ्रेल. जोर नसलेला आवाज, प्रयत्न, अगदी सबबसुद्धा फीबल. गणितात कच्चा मुलगा मात्र वीकच. त्याला फ्रेल म्हटलंत तर वाचणाऱ्याला तो आजारी वाटेल.

आणखी एक चूक हमखास होते: शफलच्या पुढे स्लोली जोडणं. संथपणा त्या क्रियापदातच आहे, क्रियाविशेषण खोडा.

डॉडर, लर्च वगैरे नंतर बघू. आठवडाभर रोज एक चाल बघून एक वाक्य लिहा आणि मला दाखवा, मी मनापासून वाचेन.