लेन्स राहू द्या, आधी पॉलिसी काढा

पत्र नाशिकहून आले आहे: ‘वय 31, हातात पगार 52,000. पत्नी घरी असते, मुलगी दोन वर्षांची. घरखर्च 35,000, शिवाय हप्ता. घरकर्ज 18 लाख बाकी. माझा कॅमेरा डिजिटल, निकॉन डी5600. काकांनी त्यांचा जुना फिल्मचा एफएम2 दिलाय. एएफ-पी डीएक्स 10-20 मिमी लेन्स 24,000ला मिळतेय, बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर. दुकानदार म्हणतो, दोन्हींना चालेल. निवृत्तीची आणि विम्याची सोय बँकेतून घेतलेल्या पॉलिसीत झालीच आहे (वर्षाला 60,000, दहा वर्षे, विसाव्या वर्षी बोनससह 11 लाख, कव्हर 6 लाख, दोन हप्ते भरलेत). घेऊ का?’

नका घेऊ. डी5600चे दुकानदार खरे बोलला. एफएम2वर मात्र माउंट (लेन्स अडकवायची जागा) जुळेल, तेवढेच. ही लेन्स साधारण 24 बाय 16 मिमीच्या सेन्सरसाठी बनवलेली. फिल्मची चौकट 36 बाय 24. कोपरे काळे येणार. लेन्सला अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) बदलायची रिंग नाही, त्यामुळे एफएम2वर ते कायम सर्वांत लहानच राहील. आणि फोकस विजेवर चालतो. त्या कॅमेऱ्यात वीज आहे ती फक्त लाइट मीटरपुरती. म्हणजे फोकसही नाही. जुन्या बाजारात रिंगवाली 50 मिमी एफ1.8 डी पाहा, सात-आठ हजारांत मिळावी. डी5600वरही चालते, फोकस तेवढा हाताने करावा लागतो. आणि ‘नो कॉस्ट’मध्ये प्रोसेसिंग फी व व्याजावरचा जीएसटी बहुधा तुमच्याच माथी असतो.

आता ‘सोय झालीच आहे’कडे वळू. कसली सोय? 6 लाखांत तुमचे घर सतरा महिने चालेल, आणि घरकर्जाला त्यातला रुपयाही उरणार नाही. तुम्हाला निदान एक कोटीचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच पैसे देणारा, निव्वळ विमा) हवा. निर्व्यसनी असाल तर वर्षाला बारा-पंधरा हजार.

परतावा? सहा लाख भरून वीस वर्षांनी अकरा, म्हणजे जेमतेम 4 टक्के. कुणीतरी ‘एफडीसारखीच आहे’ म्हणून गळ्यात मारली असणार. असली पत्रे मला दर आठवड्याला येतात. भरलेले 1.2 लाख पार बुडाले असे धरा. (तेवढे बुडत नाहीत, पॉलिसी मध्येच सोडली की काही रक्कम परत मिळते, तिला सरेंडर मूल्य म्हणतात.) उरलेले आठ हप्ते पीपीएफमध्ये टाकले तर सध्याच्या 7.1 टक्क्यांनी त्याच विसाव्या वर्षी 13 लाख होतात. त्या आठ वर्षांत टर्मचे बारा हजार वजा करून 48,000च टाकले, तरी साडेदहा. पुढचा टर्मचा हप्ता खिशातून जाईल, पण तोवर पॉलिसीचे 60,000ही सुटलेले असतील. आणि कव्हर सहा लाखांऐवजी कोटीचे.

क्रम मात्र चुकवू नका. आधी टर्म विमा हातात येऊ द्या, वैद्यकीय तपासणीसकट. तोवर पॉलिसी बंद करायची नाही. मग कंपनीकडून सरेंडर मूल्य आणि पेड-अप मूल्य (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवली तर मुदतीअखेर मिळणारी रक्कम) दोन्ही लेखी मागा. सरेंडरचे पैसे पीपीएफमध्ये टाकले असे धरून विसाव्या वर्षी जे जास्त भरेल ते निवडा. तिसरा हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असेल तर मँडेट (कापायची दिलेली परवानगी) रद्द करायला बहुधा बँकेत जावे लागेल. तिथे तोच माणूस भेटेल, चहा विचारेल आणि नवी योजना दाखवेल. चहा घ्या.