प्युअर डेटामध्ये स्वतःच्या मॉड्यूलच्या दर्शनी बाजूला काय ठेवावं आणि काय नाही?

प्युअर डेटा म्हणजे पडद्यावर डबे तारांनी जोडून आवाज घडवायचा संगणक प्रोग्राम, आणि मॉड्यूल म्हणजे त्यात आपण बनवलेला, पुन्हापुन्हा वापरता येणारा डबा. तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. मॉड्यूलच्या दोन प्रती टाकल्या की एकीचा स्लायडर हलवताच दुसरीचाही हलतो. फाइल बंद करून पुन्हा उघडली की लावलेले आकडे गायब. आणि दर्शनी बाजूला इतकी गर्दी झालीय की हवं ते बटण तुम्हालाच सापडत नाही. पहिल्या दोन तक्रारी अर्ध्या तासात मिटतील. तिसरीसाठी मला माझी आत्या लागली, म्हणून आधी तिच्याबद्दल.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. आत्या सुरसागरकाठच्या संगीत महाविद्यालयात शिकली. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली ती शाळा. आता बोटं दुखतात, रियाज करताना तंबोरा छेडवत नाही, म्हणून मी तिला प्युअर डेटामध्ये तंबोरा करून दिला, लहानसा संगणक आणि वर टचस्क्रीन. पहिल्या आवृत्तीत एकोणीस स्लायडर होते. तिने चष्मा लावला, पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "यात खुंटी कुठली रे?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

खरा तंबोरा बघा. चार खुंट्या, चार मणी, आणि घोडीवर तारेखालून सरकवलेला जवारीचा धागा. गाणाऱ्याच्या हाताला एवढंच लागतं. खुंटीने सूर जवळपास आणायचा, मण्याने केसभर इकडेतिकडे करायचा, धाग्याने नाद मोकळा करायचा. भोपळा केवढा, घोडीला उतार किती, हे मिरजेच्या कारागिराने कधीच ठरवून टाकलेलं असतं आणि त्यासाठी वाद्यावर कुठलीही कळ नसते. माझे एकोणीसातले बारा स्लायडर कारागिराचे होते. मी ते गाणारीच्या हातात दिले होते.

कारागिराचे निर्णय आर्ग्युमेंटमध्ये टाकायचे. मॉड्यूलच्या डब्यात नावापुढे जे आकडे लिहिता ते आत डॉलर-एक, डॉलर-दोन ($1, $2) म्हणून मिळतात. यातच तुमची दुसरी तक्रारही मिटते. अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणजे तुमचं असं मॉड्यूल, ही वेगळी फाइल असते. मुख्य पॅच (डबे आणि तारांची फाइल) सेव्ह करताना तिच्या आतल्या स्लायडरची जागा मुख्य फाइलमध्ये लिहिली जात नाही. लिहिलं जातं फक्त नाव आणि त्यापुढची आर्ग्युमेंटं. स्लायडरच्या प्रॉपर्टीजमधलं इनिट चालू केलंत तरी तो मॉड्यूलच्या फाइलमधला एकच आकडा आठवतो, प्रतीगणिक वेगळा नाही. म्हणून सुरुवातीचा आकडा आर्ग्युमेंटमधून घ्या आणि लोडबँगने (फाइल उघडताच आपोआप इशारा देणाऱ्या डब्याने) स्लायडरला पाठवा.

पहिली तक्रार नावांची आहे. स्लायडरच्या प्रॉपर्टीजमध्ये सेंड आणि रिसीव्ह असे दोन रकाने असतात. तिथे तुम्ही साधं नाव लिहिलंय, आणि ते नाव चालू असलेल्या सगळ्या पॅचेसमध्ये ऐकू जातं, गल्लीत "ए बाळ्या" म्हटलं की चार बाळ्यांनी बाहेर यावं तसं. नावाआधी डॉलर-शून्य आणि एक आडवी रेघ ($0-) लावा. प्रत्येक प्रतीला प्युअर डेटा स्वतःचा आकडा देतो आणि नाव त्या घरापुरतं राहतं. एकच खोच आहे: मेसेजच्या डब्यात डॉलर-शून्य चालत नाही, तिथे तुम्हाला शून्यच मिळेल. तो आकडा ऑब्जेक्टच्या डब्यातून घेऊन मग मेसेजला द्यावा लागतो. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

आता घटक कोणता निवडायचा? इथेच बहुतेक जण सरधोपट सगळीकडे स्लायडर लावतात. नेहमीचा स्लायडर १२८ पिक्सेलचा असतो. त्याच्यावर अख्खं सप्तक, म्हणजे १२०० सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग), पसरलंत तर एका पिक्सेलला साधारण नऊ सेंट येतात. एवढ्या ढोबळ हाताने तंबोरा लागत नाही. संगणकावर शिफ्ट दाबून माऊस ओढला की बारीक हलतं, पण टचस्क्रीनवर शिफ्ट कुठून आणणार? म्हणून मी तंबोऱ्याचीच वाटणी उचलली. खुंटीसाठी बारा घरांचा आडवा रेडिओ (एका वेळी एकच घर निवडता येणारी पट्टी), कारण आत्या पेटीच्या पट्टीत "काळी चार" म्हणते, २०७.६५ हर्ट्झ म्हणत नाही. मण्यासाठी स्लायडर, पण फक्त वीस सेंट खाली, वीस सेंट वर. आता एका पिक्सेलला सेंटचा तिसरा हिस्सा येतो, आणि बोट थोडं घसरलं तरी सूर बिघडत नाही.

थोडं विषयांतर, पण तुम्हीही सूर-बिरांचं काही करत असाल तर कामाचं. पंचमासाठी मी आधी सरळ सात अर्धस्वर मिळवले होते. आत्या म्हणाली, "पंचम हलतोय." मला काही ऐकू येत नव्हतं, मग हिशेब केला. काळी चारच्या खर्जाचा तिसरा हार्मोनिक (मूळ कंपनाच्या तिप्पट कंपनाचा उपस्वर) ३११.४८ हर्ट्झ, आणि माझ्या इक्वल टेंपरामेंटच्या (बारा सारख्या अर्धस्वरांच्या) पंचमाचा दुसरा ३११.१३. फरक ०.३५, म्हणजे जवळजवळ तीन सेकंदांनी एक हेलकावा. खर्जाला दीडने गुणलं, हेलकावा थांबला. यासाठी वेगळा स्लायडर लावायचा मोह झाला होता. तो कारागिराचा निर्णय, आत गेला.

दर्शनी बाजू प्रत्यक्ष दिसण्यासाठी मॉड्यूलच्या कॅनव्हासच्या (खिडकीच्या) प्रॉपर्टीजमध्ये ग्राफ ऑन पेरेंट, म्हणजे आतला भाग बाहेरच्या पॅचवर दाखवायची सोय, चालू करा. एक लाल चौकट येते. तिच्यात पूर्ण बसतील ते स्लायडर, बँग, टॉगल, रेडिओ, नंबर आणि रंगीत कॅनव्हास बाहेर दिसतात. साधे ऑब्जेक्ट, मेसेज आणि कॉमेंट दिसत नाहीत, म्हणून शीर्षक हवं असेल तर कॅनव्हासचं लेबल वापरा.

शेजारच्या मॉड्यूलकडून येणाऱ्या गोष्टींसाठी इनलेट, म्हणजे डब्यावरची आत येण्याची जागा. त्यांचा क्रम आतल्या इनलेट डब्यांच्या डावी-उजवीवरून ठरतो. नीटनेटकं दिसावं म्हणून एक डबा दुसऱ्याच्या डावीकडे सरकवलात, तर ते मॉड्यूल वापरणाऱ्या बाकीच्या फाइलींमध्ये तारा चुकीच्या जागी लागतात, कारण फाइलीत "कितवा इनलेट" एवढंच लिहिलेलं असतं. आणि सर्वांत डावा इनलेट तापलेला धरायचा: आतल्या बहुतेक ऑब्जेक्टची तीच रीत आहे, त्याच्यावर आकडा आला की काम सुरू, बाकीच्यांवर आलेला नुसता साठवला जातो. ही रीत तुमच्या मॉड्यूलमध्येही पाळलीत तर दुसऱ्याला ते न विचारता वापरता येतं.

बाहेरून आलेल्या आकड्याने स्लायडरही हलावा असं वाटत असेल तर आकड्याआधी 'सेट' हा शब्द लावून तो स्लायडरला पाठवा. मग तो दिसायला हलतो पण पुढे काही पाठवत नाही. नाहीतर स्लायडर आणि नंबर एकमेकांना आकडे देत बसतात आणि स्टॅक ओव्हरफ्लोची (फेरा थांबतच नाही अशी) चूक दाखवणारी ओळ येते.

तुम्ही पाठवलेल्या चित्रात अकरा स्लायडर मोजले मी. आठवडाभर वाजवा आणि हात खरोखर कुठे जातो ते बघा. ज्यांना हात लागला नाही ते पुसू नका, लाल चौकटीच्या बाहेर ढकला. आतून ते पूर्वीसारखेच चालत राहतात.