पदनामं कमी करायची, पण कशी?

प्रश्न : आमच्या 'ड' वर्ग महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात चावीवाला, व्हॉल्व्हमन, फिटर, पंपचालक, मजूर अशी पदं आहेत. एक जण रजेवर गेला की दुसरा "हे माझं काम नाही" म्हणतो आणि त्या भागाचं पाणी अडतं. सगळ्यांचं मिळून एकच पद करता येईल का?

उत्तर : सगळ्यांचं एक करू नका. शैक्षणिक अर्हता, वेतनस्तर आणि पुढचं पदोन्नतीचं पद या तिन्ही गोष्टी जुळत असतील, तीच पदं एकत्र करा. चावीवाला आणि व्हॉल्व्हमन ही बहुतेक ठिकाणी एकाच कामाची दोन नावं असतात, ती खुशाल एकत्र करा. फिटरला आयटीआय लागतं आणि पंपचालकाचा हात विजेच्या पॅनेलवर असतो. ही दोन पदं वेगळीच ठेवा.

सुरुवात कागदावरून नको, मस्टरवरून करा. दोन आठवडे प्रत्येक जण प्रत्यक्षात काय करतो ते पाळीनुसार लिहून काढा. मस्टरवर मजूर असलेला माणूस कार्यालयात पाणीपट्टीची बिलं काढत बसलेला हमखास सापडतो. ही नोंद नसेल तर नवा आकृतिबंध (कोणती पदं आणि किती, याचा मंजूर आराखडा) म्हणजे जुनीच यादी नव्या टायपात.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 51 प्रमाणे पदांची संख्या, पदनामं आणि श्रेणी यांचं विवरण आयुक्त स्थायी समितीपुढे ठेवतात. नवीन पदाला शासनाची पूर्वमंजुरी लागते. (मुंबईला 1888 चा वेगळा कायदा आहे.) आकृतिबंधाबरोबरच सेवाप्रवेश नियमही (पद कुणाला आणि कसं मिळणार, याचे नियम) पाठवा. पद मंजूर आणि नियम नाहीत, अशा अवस्थेत भरती होत नाही, पदोन्नतीही अडते आणि 'प्रभारी' कारभार वर्षानुवर्षं चालतो.

घोळ होतो तो मुख्यतः ज्येष्ठता यादीत. जुन्या संवर्गातला (एका प्रकारच्या पदांच्या गटातला) आपापसातला क्रम न मोडता, नियमित नेमणुकीच्या तारखेवरून एकत्रित तात्पुरती यादी लावा, हरकती घ्या, मगच ती अंतिम करा. बिंदुनामावलीही (कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची, याची क्रमवार यादी) नव्या संवर्गाची नव्यानं तयार करून मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. आणि आदेशात एक वाक्य न विसरता घाला : 'हे समावेशन आहे, पदोन्नती नव्हे.' ते नसलं तर आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळाल्यास 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर वरचं वेतन देणारी योजना) लाभ मोजताना लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली निवृत्तीच्या तोंडावर बसते.

संघटना सर्वांना वरचा वेतनस्तर मागणार, हे धरून चाला. आस्थापना खर्च, म्हणजे मुख्यतः पगार-भत्ते, उत्पन्नाच्या 35 टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट आड येते. म्हणून वेतन संरक्षण द्या, म्हणजे सध्याचा पगार कमी होऊ देऊ नका; वेतनवाढीचं आश्वासन देऊ नका.

प्रश्न : जकात केव्हाच गेली. त्या नाक्यांवरच्या कर्मचाऱ्यांची पदं अजून आकृतिबंधात दिसतात. ती रद्द का होत नाहीत?

उत्तर : पदावर माणूस आहे तोवर ते थेट रद्द करणं अवघड असतं. त्यावरचा मार्ग म्हणजे संवर्ग 'मृत' घोषित करणं : नवी भरती बंद आणि पदधारक निवृत्त झाला की पद व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द. दरम्यान त्यांना मालमत्ता कर किंवा परवाना विभागात समकक्ष पदावर सामावून घ्या. वसुली आणि पावत्यांचं काम त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. नुसतं तोंडी आदेशानं 'वर्ग' केलं, तर पगार एका विभागाच्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून) आणि काम दुसऱ्या विभागात, असा पेच राहतो.

प्रश्न : एकाच पदाचा संवर्ग असला तर काय बिघडतं?

उत्तर : त्या माणसाला वर जायला जागा नसते आणि तो निवृत्त झाला की ते काम येणारं कुणी उरत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 च्या निकालानुसार एकाकी पदाला आरक्षण लावता येत नाही. त्यामुळे अशी सुटी पदं वाढली की आरक्षणाच्या जागा तेवढ्या घटतात, आणि मंत्रालयातून पहिला प्रश्न त्यावरच येतो. अर्हता जुळणाऱ्या मोठ्या संवर्गात ती आधीच विलीन करून प्रस्ताव पाठवा.